उजवी भिंत

आनंदवाडीच्या बर्फ सोसायटीत
पहाटे साडेतीनला मी संगणक चालू करते.
काळ्या पडद्यावर आधी उमटते होडी,
हॅशच्या खुणांची, तिरप्या रेघांची,
खाली चौकट, चौकटीत
आज बर्फाला पहिला नंबर लागलेल्या होडीचं नाव.
हे सगळं उपेंद्रचं काम.
तो मस्कतला गेला, स्क्रिप्ट इथेच राहिली.

उघडून बघितली.
एकेचाळीस ओळी, एकेचाळीस वेळा एको,
रिकाम्या जागा हाताने मोजून टाकलेल्या.
लाल रंग सुरू केलेला, बंद करायला विसरलेला,
म्हणून डिझेलचा हिशोबही संध्याकाळपर्यंत लालच,
वर्षभर तोट्यात असल्यासारखा.
आणि बर्फाच्या चिठ्ठीवर छापून यायचं
कंस, एकतीस, एम.
रुजाय तांडेल चिठ्ठी नाचवत आला,
"ह्यां एकतीस कसला गो? माका तर बाराच होये."

मग बसले.
एक फंक्शन केलं, एक लूप.
पडद्याला आधी त्याची रुंदी विचारली.
चिठ्ठी छापायची असेल
तर रंग घरीच ठेवून जायला सांगितलं.

उजवी भिंत मात्र सरळ येईना.
'कमल'ला नीट उभी.
'गणेश'ला एक घर आत.
'मुकुंदसेवा'ला चार.
उकार, अनुस्वार, मात्रा,
संगणक प्रत्येकाला एकेक घर मोजून देतो
आणि त्या बसलेल्या अक्षराच्या डोक्यावर
नाहीतर पायाशी,
भाडं न भरता.

दुपारी धक्क्याखाली लवू मेस्त्री
'मुकुंदसेवा'च्याच नाळेवर नाव रंगवत होता.
निळीत बुडवलेली दोरी फळीवर सट्कन मारली, रेघ उठली.
मी विचारलं, मोजता कसं?
ब्रश तोंडात धरून म्हणाला,
"अक्षरां मोजूची नसतत, जागा मोजूची.
उकार खाली लोंबता, तेका फळी लागणा नाय."
आणि त्याने पहिल्यांदा 'वा' काढला,
फळीच्या अगदी टोकाला.
मग मागे येऊन 'मु'.

रात्री मीही तसंच केलं.
जागा मोजणं सोडलं.
कर्सरला सरळ साठाव्या घरात पाठवलं,
आधी भिंत उभी केली,
मग परत येऊन नाव लिहिलं.
'मुकुंदसेवा' बसली.
'गणेश' बसला.
जी होडी अजून कुणी बांधलीच नाही
तिचं लांबलचक नाव टाकून बघितलं, तेही बसलं.

पहाटे कुणाच्या लक्षात आलं नाही.
लोकांना बर्फ हवा होता.
फक्त लवू, डबा भरून घ्यायला आलेला,
पडद्यासमोर थांबला,
भिंतीकडे बघितलंच नाही त्याने.
"होडी बरी हा," म्हणाला,
"पण नाळ जमनीकडे कित्याक?
मासे काय बाजारात धरतत?"

खरंच की.
समुद्र डावीकडे, खिडकीतून दिसतो.
नुसत्या ओळी उलट्या करून भागणार नाही,
प्रत्येक तिरपी रेघ दुसऱ्या अंगाला झुकवावी लागेल.
उपेंद्रने शेवटच्या ओळीत लिहून ठेवलंय,
'नंतर नीट करू.'
ती ओळ मी खोडली नाही.