शेपटीखालचं गोंदण

चिठ्ठीवर लिहून नेलं होतं सगळं:
कास दाबून पाहा, मऊ हवी,
धार काढल्यावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला हवी.
सड दोनच. तिसरा दिसला तर आभार मानून निघा.
खूर उचला. रक्ताचा अहवाल मागा, लाजू नका.
आणि गोंदण कागदाशी ताडून पाहा.

एकवीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
पोरं मोजून चढवली, मोजून उतरवली.
ताडून पाहणं काही नवं नव्हतं.
शेळ्या नव्या होत्या.

आयोनी टॅकेटचा गोठा जॉन डे नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे रस्ता आधी खडीचा होतो
आणि मग नुसता सवयीचा.
वय एक्क्याऐंशी. हातमोजे पुरुषाचे.
तिनं दोघींना बाहेर आणलं: टॅन्झी, वेस्पर.
ला मान्चा जातीच्या. कान जवळजवळ नाहीतच;
घडवणाऱ्याला ऐन कानांच्या वेळी कुणी हाक मारली असावी
आणि तो परत आलाच नाही.
म्हणून गोंदण शेपटीच्या मुळाशी,
बिनकेसांच्या कातडीवर, हिरव्या शाईत.

ऑरिननं बॅटरी धरली. मी शेपटी उचलली.
टॅन्झीनं नेमक्या तेव्हाच लेंड्या टाकल्या,
माझ्या बाहीत, सावकाश, मोजून दिल्यासारख्या.
मी वाचलं: आर आठ.
कागदावर टॅन्झी होती आर सात.
थुंकी लावून पुसलं, पुन्हा वाचलं.
मग वेस्परची शेपटी. आर सात.

"चष्मा बदल," आयोनी म्हणाली,
आणि स्वतः वाकली. गुडघे वाजले.
बराच वेळ ती वर आली नाही.

धार काढताना शेळी जिथे उभी राहते
त्या फळीवर ती बसली.
"चौतीस वर्षं. एक अक्षर चुकलं नाही आमचं."
वेस्पर तिच्या कोटाचं बटण चघळत होती.
"या दोघी एव्हरेटनं गोंदल्या. शेवटच्याच.
त्या वसंतात तो मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा.
मी ओ द्यायचे.
करडांकडे जातो म्हणाला, जाऊ दिलं.
चिमटा हातात आला की त्याचा हात थरथरत नसे."

थरथरला नव्हताच. मी तिला तसं सांगितलं.
अक्षरं सुबक होती, सारख्या अंतरावर,
फक्त भलत्या पाठीमागे.

नियमानं गोंदण खरं, हाक खोटी.
दोन वेतांचं दूध एकीचं दुसरीच्या नावावर चढलेलं.
नोंदणी कार्यालयाला पत्र लिहायला हवं होतं,
आणि पत्रात कारण.
स्वयंपाकघरात, सफरचंदांची टोपली बाजूला सारून
आयोनीनं लिहिलं: लिहिणाऱ्याची चूक.
खोडलं.
लिहिलं: माझी चूक.
मग मालकीच्या कागदांवर दोन सह्या केल्या,
दुसरी पहिलीपेक्षा लहान.

पैसे मोजले. तिनं वीस-विसाच्या दोन नोटा परत केल्या.
मी त्या मिठाच्या वाटीखाली ठेवून आले,
बोकडानं खाल्ल्या नसतील अशी आशा आहे.

परतीच्या वाटेवर दोघी मागच्या सीटच्या जागी,
पेंढ्यात पाय रोवून, रवंथ करत,
बसमधल्या शेवटच्या दोन पोरींसारख्या
आपलं घर अजून का येत नाही ते पाहत.
वेस्परनं, किंवा जी कोण ती,
ऑरिनच्या टोपीची कड खाल्ली.
तो म्हणाला, आता हिला परत देता येणार नाही.

पहिली धार: अर्धी बादलीत, अर्धी माझ्या बुटात,
मग लाथ, मग बादलीही बुटात.
उरलं ते कपभर. ऑरिननं उभ्या उभ्या प्यायलं
आणि मिशी पुसायला विसरला.

रात्री फोन वाजला.
"फळीवर आधी कोण चढली?"
"तीच," मी म्हटलं.
"तीच कोण?"
माझ्यासमोर कागद होते, सह्यांची शाई, नियम, सगळं.
"टॅन्झी," मी म्हटलं.

पलीकडे तिच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.
मग आयोनी म्हणाली,
"उजव्या सडात ती थोडं मागे ठेवते.
संपलं असं वाटलं की खालून एकदा हलकेच धक्का दे,
आणि पुन्हा काढ."