सव्वा रुपया शब्दाला

कासारवडवलीच्या टॉवरला नाव दिलंय
एका फ्रेंच गढीचं.
नावातली शेवटची दोन अक्षरं उच्चारायची नसतात,
हे वॉचमनला शिकवून झालंय.
रिक्षावाल्यांना अजून नाही.

माहितीपत्रकाचं मराठी माझ्याकडे आलं.
सव्वा रुपया शब्दाला,
जोडाक्षरांचे वेगळे नाहीत.

गढी बांधली कुणा सरदाराने, शिकारीच्या सोयीसाठी.
मग वेढा, मग आग, मग लेकीला आंदण.
पुढे एका नातसुनेला खंदकाचा वास सोसेना,
तिने तो बुजवून वर गुलाब लावले.
इथवर हात भराभर चालला.
आपल्याकडेही हेच होतं,
गुलाबांच्या जागी पार्किंग, इतकंच.

तिच्या मुलाला
झोपायच्या खोलीच्या खिडकीतून
नजर पोचेल तिथवर हिरवळ हवी होती
आणि मधोमध गाव येत होतं.
एकवीस चुली, एक पावाची भट्टी, एक विहीर.
मी लिहिलं:
‘उद्यानाच्या विस्तारासाठी गाव स्थलांतरित करण्यात आले.’
शेवटच्या तीन शब्दांचे पावणेचार रुपये.

जागा बघून या म्हणाले, म्हणून गेले.
क्लबहाऊसमागे लडक्या वरठा
मेंदीच्या झुडपातून मोर कापत होता.
छापील मोर खिशात चार घड्या करून ठेवलेला.
तो काढायचा, बघायचा, मान हलवायचा.
“असा नसतो मोर. येऊरला या, दाखवतो.”

इथे आधी काय होतं?
त्याने कात्रीनेच दाखवलं.
ते खळं. तिकडे आत्याचं घर.
पोहायच्या तलावाची उथळ बाजू आहे ना,
तिथे उंबर.
मग?
“मग गाव उठवलं.”
आणि मोराची मान
जरा जास्तच कापली गेली.

घरी येऊन तीन शब्द खोडले.
‘उठवलं’ लिहिलं.
अडीच रुपयांचं नुकसान
आणि बऱ्याच दिवसांनी
भाषांतर बरोबर आल्यासारखं वाटलं.

सोमवारी प्रूफ परत आलं.
त्या ओळीखाली लाल रेघ, समासात
कर्णिक मॅडमचं टपोरं अक्षर:
‘उठवलं?
गाव झोपलं होतं का?’
पुढे एक हसरा चेहरा.
आणि अख्खी ओळच गाळलेली.

हिरवळीचा परिच्छेद आता सलग वाचता येतो,
मध्ये काही येत नाही.

बिलात तो शब्द मी धरलाय.
सव्वा रुपया.
अजून आलेला नाही.