बारदान वजा जाता

तीस वर्षं मार्केट यार्डात तोलार होतो.
पोतं काट्यावर चढलं की
आकडा यायच्या आधी मला कळायचं,
आणि बारदान वजा केल्याशिवाय
एकही पट्टी मी लिहिली नाही.

आज गणपती पेठेतल्या दवाखान्यात
मलाच चढवलं काट्यावर, चपला काढून.
सहासष्ट किलो.
भिंतीला टाचा टेकवून उंची, एकशे पासष्ट.
मुजावर बाईंनी किलोला मीटरनं भागलं,
आलेल्याला पुन्हा मीटरनंच भागलं,
आणि लिहिलं : चोवीस पूर्णांक दोन.

भिंतीवरच्या तक्त्यात चोवीस हिरव्या पट्ट्यात.
म्हटलं, बाई, माल पास.
त्या हसल्या नाहीत.
हा तक्ता बाहेरचा, म्हणाल्या,
गोऱ्या मुलखातली माणसं मोजून आखलेला.
आपल्या अंगात मांस कमी, चरबी आत,
आतड्यांच्या बेचक्यात लपून बसते.
आपला हिरवा रंग तेवीसलाच संपतो, रायगोंडा.

मग टेप आली.
हातपाय बाभळीच्या काटक्या
आणि मध्ये हा एवढा डेरा.
लेंग्याच्या नाडीला कधीचं ठाऊक होतं,
मीच विचारलं नव्हतं.
सत्त्याण्णव.
उपाशीपोटी साखर एकशे अडतीस.

आजा सांगायचा, पूर्वी मण गावोगावी वेगळा.
सौदा ठरण्याआधी शहाणा माणूस विचारायचा,
कुठला मण?

बाहेर बाकावर इलाही हमाल.
त्याचा आकडा सत्तावीसला टेकलेला,
पण दंड बघा, पाठ बघा,
पोती वाहून वाहून फरशी झालीय.
साखर निर्मळ.
मला म्हणतो, "तुमी तर लुकडं वो अण्णा,
तुमास्नी कशी काय?"

काय सांगू त्याला.
हळद काय नुसत्या वजनावर घेतात?
कांडी मोडून बघतात,
कट्कन आवाज येतो का,
आत रंग किती, ओल किती.
हजारदा मोडताना बघितली
या दोन डोळ्यांनी.
काटा खोटं बोलत नाही,
पण विचारलं तेवढंच बोलतो.

घरी आलो. ही म्हणाली, किती भरलं?
म्हटलं, भरलं बरोबर,
बारदान आतल्या बाजूला निघालं.
तिला काही कळलं नाही.
चहाच्या आधणात साखर टाकायला चमचा उचलला,
माझ्या तोंडाकडं बघितलं,
आणि भरला चमचा
तसाच परत डब्यात झटकला.