ग्राहकाचे नाव

किल्ली वीतभर. खिशात मावत नाही,
म्हणून कंबरेला बांधतो; चालताना मांडीवर आपटते.
पंचायतीचा शिपाई मी, शाबलो गावस.
गाव मला विचारतो : कपेल उघडलंस का रे?
कपेल. अजून.

फलक मीच रंगवला, निळ्यावर पांढरा :
समाजगृह, प्रभाग तीन.
तो कोणी वाचत नाही.

आज्याला त्याच्या बापानं सांगितलेलं :
साथ आली, मानशीकडची घरं एकेक करून विझली,
घंटेची दोरी ओढायला माणूस उरला नाही
तेव्हा सांता लुझियेला होडीत घातली, पलीकडे नेली.
तिच्या हातातल्या तबकात तिचेच दोन डोळे.
वल्हं मारणारा पाठमोरा बसला.
मग पाद्रीनं वेदीतला चौकोनी दगड उचकटला,
फडक्यात गुंडाळला
आणि म्हणाला, आता ह्या नुसत्या भिंती.

तो चौकोन आहे तसाच आहे.
हात घातला तर मनगटापर्यंत जातो.

त्यात मिठागरवाल्यानं मापं ठेवली.
(चाळीस वर्षं इथे मीठ होतं. जांभ्यानं ते इतकं प्यायलं
की आषाढात भिंत चाटली तर अजून खारट. मी चाटली आहे.)
त्यात बोस्त्यांव मास्तरचे खडू, पोर्तुगीज शिकवायचे;
एकसष्टनंतर गोदूबाईंचे, बाराखडीचे.
माझा पहिला ‘क’ त्या भोकाखालच्या पायरीवर गिरवलेला,
मेणाच्या जुन्या थेंबांवर पाटी सारखी घसरायची.
रेशनच्या पावत्या त्यात. पोलिओची कुपी, बर्फासकट.
एका निवडणुकीत शाईची बाटली :
त्या साली कबुलीजबाबाचं लाकडी खोकंच मतदानाला वापरलं,
जाळी होती, आडोसा होता, सोय होती.
एकेक जण आत गेला
आणि कोणाला काही न सांगता बाहेर आला.

मध्ये पाडायचं ठरलेलं.
सिमेंटचा हॉल, मागे गाड्यांना जागा, नकाशासुद्धा तयार.
सभा अर्थात इथेच भरली, दुसरीकडे पंखे नव्हते.
इंजिनिअरनं भिंत मोजली : तीन हात.
पाडायचा खर्च बांधायच्या दीडपट.
सरपंचानं चहा मागवला, विषय पुढे ढकलला.
बारा वर्षं झाली,
आम्ही जाडीवर जगलो.

गेल्या महिन्यात डोळे तपासायचं शिबिर.
वेदीवर अक्षरांचा तक्ता टांगला, खाली खुर्ची.
रोमाल्दिन मावशी आली, वय नव्वदीच्या आसपास,
दारातल्या दगडी कुंडात बोटं बुडवली. कुंड कोरडं.
बोटांना लागली ती खडूची पूड कपाळाला लावून
रांगेत बसली.
खुर्चीत बसल्यावर तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत
घडाघडा म्हटला, लदीनीच्या सुरात,
सगळ्यात बारीक ओळसुद्धा.
डॉक्टर खूश.
तिच्याआधी सतरा जण होते; तिनं ऐकून पाठ केलेला.
मी बोललो नाही. पुढच्या शिबिरात तिला पहिली बसवीन.

आता हे बिल.
वीज आली तेव्हा खात्याच्या माणसानं विचारलं, नाव कोणाचं घालू?
शिपाई तेव्हा माझा बाप. तोंडात होतं ते त्यानं सांगितलं.
तेव्हापासून दर महिन्याला येतं :
ग्राहक : लुझिया, सांता.
वापर : बासष्ट युनिट.
थकबाकी : नाही.

यंदा खात्यानं नाव बदलायचा अर्जही धाडला.
ग्राहक स्थलांतरित असल्यास नवा पत्ता.
मयत असल्यास दाखला जोडा.
अर्जदाराचे ग्राहकाशी नाते.

तीनदा पेन उघडलं.
मग घडी घातली, चौकोनात ठेवला,
पंखे बंद केले. एक ट्यूब चालू ठेवली,
तिच्या खात्यावर.