शुद्धिपत्र

भिकाजीपंत धडफळे यांच्या पुण्यतिथीचा फ्लेक्स.
सहा बाय चार, उद्या सकाळी हवा.
वर साहेबांचा फोटो, मग भाऊंचा, मग दादांचा,
खाली 'शुभेच्छुक' म्हणून अकरा डोकी.
(पुण्यतिथीला शुभेच्छुक!
मी गुपचूप 'विनीत' केलं.)
"आणि ते पगडीवाले आजोबा
उरलेल्या जागेत कुठंतरी बसवा, ताई."

बसवते.
त्यांच्या नावाचा चौकही
कोपऱ्यावरच्या विजेच्या पेटीमुळे
डीपी चौक झालाय.

माझे खापरपणजोबा रखमाजी लडकत
बुधवारातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
शिक्षण दोन बुकं, पण उलटी अक्षरं
सुलट्यापेक्षा भरभर वाचत.
पंतांची सगळी भाषणं त्यांच्या बोटांतून गेली:
मिठावरचा कर, जंगलातला पाला, दुष्काळातला सारा,
आणि दर परिच्छेदाच्या शेवटी
सरकारचरणी विनंती.
इतकी विनंती, की केसमधला 'नं'
झिजून आंधळा झालेला.
'क्क' मात्र कोरा.
कधीमधी धक्क्याला, चक्कीला लागणारा,
कडा अजून बोटाला टोचणारा.

पुढचं आजोबा सांगायचे. दर वेळी
पंतांच्या हातात कंदील
कधी असायचा, कधी नसायचा.

प्लेगचं साल. निम्मं पुणं माळावर झोपड्यांत.
संध्याकाळी पंतांनी मुद्रितं तपासली.
'हक्क' या शब्दावर तपकीर सांडली,
तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.
मग शब्द खोडला, समासात लिहिलं: विनंती.
म्हणाले, "मुलगा कलेक्टर कचेरीत आहे, रखमाजी."
रखमाजी काही बोलले नाहीत.
बोलण्याचा पगार नव्हता.

रात्री दोनला दार वाजलं.
एवढा मोठा माणूस, लकडी पुलावरून चालत,
पगडी नाही, उपरणं नाही,
टक्कल पहिल्यांदाच दिसलं.
"तो शब्द परत घाल."
फर्मा सुटला होता. हजार प्रती
दोरीवर वाळत होत्या.
मग उरल्यासुरल्या कागदाच्या कडा कापून
बोटभर पट्ट्या छापल्या:

पान सात, ओळ अकरा.
'विनंती'च्या जागी 'हक्क' वाचावे.

पहाटेपर्यंत दोघं खळ लावत बसले.
पंतांना चिकटवता येईना, सगळ्या वाकड्या.
मध्येच तहान लागली, तेव्हा
रखमाजींच्या तांब्यातलं पाणी प्याले.
कंदील विसरला तरी आजोबा
तांब्या कधी विसरत नसत.

पुढे काय? मुलाची धारवाडला बदली झाली.
पट्टीनं काही राज्य हललं नाही.
ग्रंथालयातल्या प्रतीत मी पान सात काढून पाहिलं.
पट्टी गळून गेलीय.
खळीचा पिवळट डाग आहे, आणि कसरीनं
तेवढाच भाग चवीनं खाल्लाय.
म्हणून अभ्यासक लिहितात,
धडफळे अखेरपर्यंत नेमस्त राहिले.
पुराव्यानं लिहितात. चूक नाही त्यांची.

दुपारी जनता वसाहतीतल्या सोनटक्केबाई आल्या.
नळाचा अर्ज, तिसऱ्यांदा.
'नम्र विनंती की' इथवर बोटं आपोआप गेली.
थांबले. म्हटलं, मावशी,
विनंती ठेवू, की हक्क लिहू?

त्या पिशवीतून जुन्या पोचपावत्या काढत होत्या.
"ज्यानं पाणी येईल ते लिही, बाई."

क, पायमोडका, पुन्हा क.
तीन कळा.
बोटाला काहीच टोचत नाही आता.