वाऱ्याचा रकाना

मी पाण्याच्या वेळा लिहिते.
व्लिसिंगनच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
पुढच्या वर्षीचा समुद्र यंदाच छापून तयार असतो:
नऊ मार्च, पहाटे चार बारा, उधाण.
आणि नऊ मार्चला पहाटे चार बाराला
पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढतं, सातवीवर थांबतं.
माझं कोष्टक त्यानं वाचलेलं नसतं.

बाबा, क्राइन नाव त्यांचं,
मंडळीचे वडील आणि माझेही.
गोठ्याचा विमा कधी उतरवला नाही.
जे ठरलंय त्यावर पैसे कसले लावायचे?
जग मांडायच्या आधीच
कोण तरणार, कोण बुडणार, याची यादी झाली,
आणि त्या यादीत खाडाखोड नाही.

तरी रोज रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे.
घुशींनी पोखरलेलं शोधायचे,
गुडघ्यावर बसून चिखल लिंपायचे.
एकदा विचारलं मी,
बांध फुटायचाच ठरला असेल तर?
"मग माझं लिंपणंही ठरलंय.
कंदील नीट धर."

मरिनस गेला त्या दिवशी भांगाची भरती होती.
कोष्टकात पाणी अगदी गरीब.
वारा कोष्टकात नसतो.
तो रकाना आम्ही ठेवत नाही,
ठेवता येत नाही.

तुझ्याकडे तो असणार.
त्यात मंगळवार असणार, दुपार असणार,
माझ्या भावाच्या होडीचं नाव असणार.
तू ते लिहिलंस, की नुसतं पाहिलंस?
यातला फरक मला सांगू नकोस,
त्याच्यावरच माझं पोट आहे.
मी लिहिते म्हणून पाणी येत नाही, खरं.
पण समुद्र मी केलेला नाही.

त्या रविवारी स्तोत्र म्हणताना
बाबा सगळ्यांच्या एक ओळ मागे होते.
रात्री बांधावर गेले.
एका भोकापाशी थांबले, कंदील खाली धरला,
बराच वेळ बघितलं
आणि पुढे निघून गेले.

ते झोपल्यावर मी परत गेले.
अंधारात हातानंच चाचपलं,
कोपरापर्यंत हात आत घालून लिंपलं.
हेही कुठे लिहिलेलं होतं का,
तेव्हा सुचलं नाही विचारायचं.
चिखल फार गार होता.

सकाळी त्यांनी माझी बाही पाहिली.
काही बोलले नाहीत.
पावाची टोपली
माझ्याकडे सरकवली.