बारीक रेघा

केशवनगरच्या भट्टीतून काल
सतरा पेले निघाले,
प्रत्येकावर माळढोक, मान ताठ.
एकाची मान तडकली,
तो ठेवलाय पेन्सिलींना.

बाणेरहून आलेल्या बाई म्हणाल्या,
शहामृग काय सुरेख जमलाय!
मी पैसे मोजत राहिले.

पिसांवरच्या बारीक रेघांना
मला एकच ब्रश चालतो,
रविवार पेठेतला, टोक सुईसारखं,
रंग पितो, उगाच सांडत नाही.
आज तुळशीराममामांनी तो उन्हात धरला,
मातीच्या हातानं केस चाचपले:
‘मुंगसाचा आहे की गं.’

त्यांचं चाक फिरतच होतं.
माझ्या हातात अर्धा पक्षी,
पाय राहिलेले.

पाय मी बोटानं काढले.
जाड झालेत.
उभा आहे पण.